‘तांत्रिक बिघाड’ म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘सर्व्हरमधील तांत्रिक बिघाडामुळे नोंदी गहाळ’ हे वाक्य बातम्यांत वरचेवर वाचायला मिळते. वीस वर्षांहून अधिक काळ मी सर्व्हरवर चालणारा कोड लिहिते आहे, आणि हे वाक्य दिसले की मला माझीच एक सकाळ आठवते. म्हणून हे पत्र.

रक्तदात्यांची एक यादी होती. चारेक हजार नावे, त्यांचे रक्तगट, फोन. रोज रात्री २ वाजता पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतला माझा प्रोग्राम नव्या नोंदींची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) वाचायचा, आधीच्या यादीत मिसळायचा आणि सगळे जेसन या ठरावीक मांडणीच्या फाइलमध्ये लिहायचा. कित्येक महिने हे बिनबोभाट चालले. एके दिवशी सकाळी पाहते तर यादीची फाइल जागेवर होती, पण तिचा आकार शून्य बाइट, म्हणजे आत काहीच नाही. ३ वाजता बॅकअपने तीच रिकामी फाइल आदल्या दिवशीच्या चांगल्या प्रतीवर लिहून टाकली होती. प्रत एकच ठेवायची, हेही मीच ठरवलेले.

डिस्क भरलेली नव्हती, वीज गेलेली नव्हती, कुणी घुसखोरी केलेली नव्हती. कारण होते एका माणसाचे लांबलचक नाव.

नावाचा रकाना ६० बाइटांवर कापायचा, असे मी कोडमध्ये लिहिले होते. (बाइट हे संगणकातल्या साठवणुकीचे छोटे माप.) यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. स्पेसला मात्र १ बाइट पुरतो. बहुतेक नावे ६० बाइटांत बसत होती. त्या रात्री आलेल्या नावात एक स्पेस आणि १९ चिन्हे मिळून ५८ बाइट झाले आणि विसाव्या चिन्हाचे पहिले दोनच बाइट हाती राहिले. अर्धे तुटलेले अक्षर. असा मजकूर वैध यूटीएफ-८ नसतो, आणि माहिती जेसनच्या मांडणीत बदलणारे पीएचपीचे जेसन-एन्कोड हे फंक्शन तो स्वीकारत नाही. ते फक्त ती एक नोंद गाळत नाही, चार हजार नोंदींचे अख्खे काम सोडून देते आणि निमूटपणे ‘फॉल्स’ (म्हणजे ‘जमले नाही’) परत करते. ते उत्तर न तपासता मी पुढे फाइल लिहिणाऱ्या फंक्शनला दिले. त्याने फाइल उघडताना आधीचा मजकूर पुसला आणि ‘फॉल्स’चा अर्थ रिकामा मजकूर असा घेऊन तोच लिहिला. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, एक ओळसुद्धा उमटली नाही.

यातली प्रत्येक पायरी सांगितल्याप्रमाणेच चालली. मग बिघडले काय? माझा कोड. कागदी अर्जांवरून ती यादी पुन्हा भरायला आम्हाला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत कुणाला रक्त हवे असते तर, हा विचार आजही माझी पाठ सोडत नाही.

हे टाळणे अवघड नव्हते, याचेच दुःख आहे. लांबी मोजायची तर बाइटांत न मोजता चिन्हांत मोजावी. पीएचपी ७.३ पासून जेसन-एन्कोडला ‘चूक झाली तर एक्सेप्शन फेक’, म्हणजे गप्प न बसता चूक उघड कर, असे बजावता येते, ते बजावावे. आणि चालू फाइलवर थेट कधीही लिहू नये. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने नवी फाइल लिहावी, ती डिस्कवर पोचली याची खात्री करावी, पुन्हा वाचून नोंदी मोजाव्यात आणि मगच तिला जुन्या फाइलीचे नाव द्यावे. लिनक्स या सर्व्हरवरच्या कार्यप्रणालीत हे नाव बदलणे एका झटक्यात होते. वाचणाऱ्याला पूर्ण जुनी किंवा पूर्ण नवी यादी दिसते, अर्धवट कधीच नाही. फोल्डर तोच का? कारण दुसऱ्या डिस्कवरून आणायची झाली तर ती कॉपी होते, आणि कॉपी मध्येच तुटू शकते.

नोंदी मोजण्याचे महत्त्व २०२० साली इंग्लंडमध्ये दिसले. करोनाच्या प्रयोगशाळांकडून आलेल्या फाइली एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारात भरल्या जात होत्या. त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात, उरलेल्या गळून गेल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ रुग्ण वेळेवर मोजले गेले नाहीत आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना कळवायलाही उशीर झाला. आत किती ओळी आल्या आणि बाहेर किती गेल्या, एवढी तुलना केली असती तर पहिल्याच दिवशी लक्षात आले असते.

जिथे प्रोग्रामिंग शिकवले जाते तिथे फाइल उघडणे, वाचणे, लिहिणे एका तासात उरकतात, तेही सगळे सुरळीत चालेल असे गृहीत धरून. त्या तासाला विद्यार्थ्यांच्या हाती एक तुटलेली फाइल द्यावी, असे मला मनापासून वाटते. आपल्या बातमीदारांनाही विनंती आहे. ‘तांत्रिक बिघाड’ असे उत्तर मिळाले की एवढे तरी विचारावे: नोंदी फाइल वाचताना गेल्या की लिहिताना? आणि आधीची प्रत कोणत्या तारखेची आहे?

आपली,
एक वाचक
(नाव छापू नये, ही विनंती.)