नियम काढायच्या आधी विचारा आणि मग उत्तरही द्या : केंद्रीय कायदामंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय विधी व न्याय मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी पुण्यात भोसरी-चाकण पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांचे हिशोब आणि सरकारी पेपरवर्क बघतो. लायसन, रिटर्न, इन्स्पेक्शन हे रोजचंच, त्यामुळे दिल्लीत नवीन नियम निघाला की इथला पहिला फोन मला येतो. तो नियम कुणाला विचारून ठरला, कोणी काय आक्षेप घेतला, त्याचं काय झालं, हे मात्र ना मला सांगता येतं ना फोन करणाऱ्याला कुठे वाचायला मिळतं, आणि हेच मला गेली काही वर्षं फार खटकतंय.

एक उदाहरण सांगतो. अवजड उद्योग मंत्रालयाने 28 ऑगस्ट 2024 ला मशिनरी सेफ्टीची ऑर्डर काढली, सगळे तिला ओटीआर (ओम्निबस टेक्निकल रेग्युलेशन) म्हणतात. पंप, कॉम्प्रेसर, क्रेन, मशीन टूल्स, शिवाय त्यांचे सुटे भागसुद्धा त्यात आले. भोसरीत चार-पाच कामगार घेऊन पंप बनवणारे एक काका आहेत, त्यांच्या शेडमध्ये बसून मी ती पीडीएफ उघडली. काकांनी चष्मा लावला, शेवटच्या तक्त्यातल्या एचएसएन कोडवरून (मालाच्या वर्गवारीचे आकडे) बोट खाली खाली नेत आपला पंप शोधला, सापडल्यावर मला म्हणाले, "बरं, मग मी आता नेमकं करायचं काय?" स्कीम एक्स (भारतीय मानक ब्युरोची सर्टिफिकेट द्यायची पद्धत), टेक्निकल फाइल, रिस्क असेसमेंट, सर्किट डायग्राम, हे सगळं मी समजावलं. मशीन सेफ असावं याला त्यांची ना नाहीच, लेथवर बोट गेलेला माणूस त्यांनी पाहिलाय. त्यांचे प्रश्न साधे होते, टेस्टिंग कुठे करायचं, खर्च किती येईल, सर्टिफिकेट जॉबवर्कवाल्याने काढायचं की शेवटी जोडणी करणाऱ्याने. मसुद्याच्या वेळी कोणी हे विचारलं का आणि मंत्रालयाने काय उत्तर दिलं, हे त्यांच्यापर्यंत कधी पोचलंच नाही. पुढे ऑर्डर लागू व्हायची तारीख 1 सप्टेंबर 2026 पर्यंत ढकलली. बरं झालं, पण या अडचणी आधीच ऐकून घेतल्या असत्या तर वर्षभर लोकांची झोप उडाली नसती. नोव्हेंबर 2025 मध्ये प्लास्टिक आणि पॉलिस्टरच्या कच्च्या मालावरच्या 14 क्वालिटी कंट्रोल ऑर्डर (ठरलेल्या दर्जाचं सर्टिफिकेट सक्तीचं करणारे आदेश) सरकारने मागे घेतल्या तेव्हाही मला हेच वाटलं, की लहान उद्योगाला माल महाग पडेल हा हिशोब ऑर्डर काढायच्या आधीच मांडता आला असता.

तुमच्याच मंत्रालयाकडे यावरचा उपाय 2014 पासून पडून आहे. प्री-लेजिस्लेटिव्ह कन्सल्टेशन पॉलिसी, म्हणजे कायदा करायच्या आधी लोकांना विचारायचं धोरण. मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवायचा, कायदा का हवा, खर्च किती, लोकांवर परिणाम काय हे सोप्या भाषेत लिहायचं, आलेल्या सूचनांचा सारांश वेबसाइटवर टाकायचा. मी वाचली तेव्हा खरंच चांगली वाटली. पण ती पॉलिसी आहे, कायदा नाही, त्यामुळे एखाद्या खात्याने पाळली नाही तरी त्याला कोणी धरत नाही. 1897 च्या जनरल क्लॉजेस अॅक्टमध्ये मसुदा आधी छापायची तरतूद आहे, पण ती मूळ कायद्यात तसं म्हटलं असेल तरच लागू होते, आणि तिथेही आक्षेपांचा विचार करा एवढंच आहे, लोकांना उत्तर द्या असं नाही.

माझ्या मते सगळं अडतं ते या उत्तरापाशी. ट्रायचं, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाचं बघा. आधी कन्सल्टेशन पेपर, मग कंपन्यांच्या आणि ग्राहकांच्या कॉमेंट्स नावानिशी वेबसाइटवर, मग त्यावर काउंटर कॉमेंट्स, मग ओपन हाउस म्हणजे खुली चर्चा. इतकं करूनही कॉल ड्रॉपला 1 रुपया भरपाईचा नियम सुप्रीम कोर्टाने मे 2016 मध्ये रद्द केला, आणि त्यात एक कारण हे होतं की आलेल्या मुद्द्यांना नीट उत्तरंच दिली नव्हती. मी स्वतः कॉल ड्रॉपने वैतागलेला ग्राहक आहे, तरी मला कोर्टाचं हे म्हणणं पटतं. त्याच निकालात कोर्टाने संसदेला सुचवलं की अमेरिकेत 1946 पासून जसा कायदा आहे, नियमाचा मसुदा जाहीर करा आणि लोकांचं ऐका असा, तसा आपल्याकडेही करा. तो कायदा अजून झालेला नाही.

उलट डेटा प्रोटेक्शनच्या नियमांचा मसुदा जानेवारी 2025 मध्ये आला तेव्हा कोणी काय लिहिलं ते उघड करणार नाही, नंतर फक्त सारांश देऊ, असं नोटिशीतच होतं. मग मोठ्या कंपनीने काय मागितलं आणि तिला काय मिळालं हे आमच्यासारख्याने कसं ताडून बघायचं?

भाषेचं तर विचारूच नका. 2020 मध्ये पर्यावरण मंजुरीचा मसुदा ऐन लॉकडाऊनमध्ये आला, मुदत कोर्टाने वाढवली आणि अनुवाद करा हेही दिल्ली हायकोर्टालाच सांगावं लागलं. खेड-जुन्नरच्या शेतकऱ्याने धरणाबद्दल किंवा खाणीबद्दलचा मसुदा इंग्रजीत वाचून हरकत पाठवावी ही अपेक्षाच चुकीची आहे.

साथ, युद्ध अशा वेळी थांबता येत नाही हे मान्य. तेव्हा नियम लगेच काढा, पण तो सहा महिन्यांत आपोआप संपेल असं त्यातच लिहा, पुढे चालू ठेवायचा तर लोकांना विचारून. यात वेळ जातो असं अधिकारी म्हणतील, पण नियम काढून, तारखा ढकलून शेवटी मागे घेण्यात जातो तो वेळही मोजा ना.

तेव्हा साहेब, 2014 ची पॉलिसी कायद्यात आणा. प्रत्येक मुख्य आक्षेप मान्य का केला किंवा का नाही हे नियमासोबत छापल्याशिवाय तो लागू होणार नाही असं कलम त्यात घाला, आणि छोट्या उद्योगाला येणारा खर्च वेगळा मांडायला लावा. आणि त्या विधेयकाचा मसुदाही पूर्ण 30 दिवस मराठीत ठेवा, भोसरीतल्या सूचना गोळा करून पाठवायचं काम मी करतो.

आपला,
पुण्यातला एक अकाउंटंट