कपाटांची कुलुपे काढता यावीत म्हणून : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना एका महाविद्यालयीन ग्रंथपालाचे खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय : अनुदानित महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतील गहाळ पुस्तकांचे निर्लेखन (नोंदवहीतून रीतसर कमी करणे) आणि ग्रंथालय परिचरांची (मदतनीसांची) रिक्त पदे.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी, कला, वाणिज्य व विज्ञान शाखा असलेल्या अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आपल्या विभागाने १ ते १५ जानेवारी २०२५ या काळात ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ हा उपक्रम राबवला, तेव्हा आमच्याकडेही सामूहिक वाचन झाले, पुस्तक परीक्षणाची स्पर्धा झाली आणि छायाचित्रांसह अहवाल मुदतीत रवाना झाला. दर १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनही आम्ही साजरा करतो. या उपक्रमांबद्दल माझी तक्रार नाही. त्या निमित्ताने काही मुले प्रथमच ग्रंथालयात येतात, हे मी पाहिले आहे. परंतु पंधरवडा संपला की प्रदर्शनासाठी बाहेर काढलेली पुस्तके पुन्हा कपाटांत जातात, कपाटांना कुलूप लागते आणि ते कुलूप मी स्वतः लावते. ते का लावावे लागते आणि ते निघण्यासाठी शासनाने नेमके काय करणे आवश्यक आहे, एवढेच या पत्रात मांडायचे आहे.

पुस्तक ग्रंथालयात आले की देयकाशी ताडून ते दाखल नोंदवहीत चढते, त्याला दाखल क्रमांक मिळतो, शीर्षकपानावर आणि आतल्या एका ठरावीक पानावर शिक्का उमटतो, दशांश वर्गीकरणानुसार वर्गांक, म्हणजे विषयाचा क्रमांक, पडतो, पाठीवर चिठ्ठी व आत बारकोड लागतो, संगणक प्रणालीत त्याची नोंद होते आणि मगच ते कपाटात जाते. वाचकाला यातले काही दिसत नाही, दिसण्याची गरजही नाही. मात्र ग्रंथपालाच्या नोकरीचा पुढचा सारा प्रवास त्या दाखल नोंदवहीने ठरतो, कारण तीत नोंदलेल्या प्रत्येक पुस्तकाचा ताबा ग्रंथपालाकडे असतो. प्रयोगशाळेत चंचुपात्र फुटले तर त्याची फुटलेल्या वस्तूंत नोंद होते आणि विषय मिटतो; काच हाताळली की कधीतरी फुटणार, हे सर्वांनी गृहीत धरलेले असते. पुस्तक मात्र टेबल-खुर्चीप्रमाणे जडसंग्रहात धरले जाते. ते विकत घ्यायचे, मोजायचे आणि निवृत्तीच्या दिवशी तितकेच मोजून दुसऱ्याच्या हवाली करायचे, अशी अपेक्षा असते. रोज शेकडो हातांतून फिरणारी आणि जिने फिरावे म्हणूनच विकत घेतलेली वस्तू या हिशेबात कशी बसवायची, याचे उत्तर मला माझ्या महाविद्यालयाच्या दप्तरात सापडलेले नाही.

याचा परिणाम आमच्या देवघेवीच्या खिडकीवर दिसतो. सकाळच्या सत्रात कनिष्ठ महाविद्यालयाची मुले येतात, दुपारी पदवीचे वर्ग सुटतात आणि वाचन कक्षात दिवसभर स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी बसलेले असतात. खिडकीपाशी आलेल्या विद्यार्थ्याने मागणी चिठ्ठीवर पुस्तकाचे व लेखकाचे नाव लिहायचे, ते पुस्तक आम्ही शोधून आणायचे, त्याने सही करून न्यायचे, अशी आमची बंद कपाटांची पद्धत आहे. ही पद्धत एक गोष्ट गृहीत धरते, ती म्हणजे आपल्याला काय हवे आहे हे विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असते. ज्याच्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्या मुलाला ते कसे ठाऊक असावे? तो म्हणतो, “मॅडम, इतिहासाचं द्या,” किंवा “मागच्या वर्षी ताईनं नेलं होतं ते निळ्या कव्हरचं.” मी त्याला विचारून विचारून एक पुस्तक काढून देते आणि तो ते घेऊन जातो, पण त्या पुस्तकाशेजारी उभी असलेली आणि कदाचित त्याला अधिक उपयोगी पडली असती अशी चार पुस्तके त्याने पाहिलेलीच नसतात. विषयवार वर्गीकरणाचा सारा खटाटोप एका विषयाची पुस्तके शेजारी शेजारी यावीत आणि वाचकाने ती चाळून निवडावीत यासाठी असतो. कपाट बंद ठेवले की हे शेजार एकट्या ग्रंथपालाच्या कामाचे उरते.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतले पहिले सूत्र पुस्तके उपयोगासाठी असतात, हे आहे आणि ते विशद करताना त्यांनी मध्ययुगीन युरोपात पुस्तके साखळीने फळीला बांधून ठेवत असत, त्या काळाची आठवण दिली आहे. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आम्ही दरवर्षी ग्रंथपाल दिन म्हणून साजरा करतो, प्रतिमेला हार घालतो, भाषणात पाचही सूत्रे म्हणतो. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, या तिसऱ्या सूत्राच्या विवेचनात त्यांनी मुक्तद्वार पद्धतीचा, म्हणजे वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ देण्याचा, हिरिरीने पुरस्कार केला आहे, हे मात्र त्या भाषणांत सहसा येत नाही.

मुक्तद्वार पद्धतीत काही पुस्तके जातात, हे मी नाकारत नाही. काही चोरीला जातात, त्याहून कितीतरी अधिक चुकीच्या फळीवर ठेवली जातात. आणि अर्थशास्त्राचे पुस्तक वनस्पतिशास्त्रात जाऊन बसले तर साठा पडताळणीच्या वेळी तेही गहाळच ठरते. काही पुस्तकांना कसर आणि वाळवी लागते. काही विद्यार्थी शिक्षण अर्ध्यावर सोडून ऊसतोडीला किंवा पुण्याच्या एखाद्या कारखान्यात जातात आणि पुस्तक त्यांच्या घरीच राहते. प्रश्न असा, की या स्वाभाविक घटीची जबाबदारी कोणावर टाकायची? आज ती प्रत्यक्षात ग्रंथपालाच्या माथी येते. निवृत्तीच्या वेळी ना-देय, म्हणजे काही देणे बाकी नसल्याचे, प्रमाणपत्र हवे असते, त्यासाठी पदभार सोपवावा लागतो आणि नवा माणूस मोजल्याशिवाय पदभार घेत नाही, जे त्याच्या बाजूने योग्यच आहे. माझ्या ओळखीच्या एका ग्रंथपालांचे निवृत्तिवेतनाचे प्रकरण गहाळ पुस्तकांच्या यादीमुळे दीर्घकाळ रखडले आणि शेवटी त्यांनी ती रक्कम स्वतः भरली. त्यांच्या आधी ते पद काही वर्षे रिक्त होते आणि ग्रंथालयाच्या किल्ल्या कार्यालयातील एका लिपिकाकडे होत्या. त्या काळात गेलेली पुस्तके कोणती आणि नंतरची कोणती, हे सिद्ध करण्याचा कोणताही मार्ग त्यांच्याकडे नव्हता. अशी एक गोष्ट जिल्ह्यातल्या ग्रंथपालांच्या कानावर गेली की पुढची अनेक वर्षे कोणत्याही परिपत्रकाने कपाटे उघडत नाहीत.

केंद्र शासनाने या प्रश्नाचे उत्तर शोधून ठेवलेले आहे. सामान्य वित्तीय नियम, २०१७ यांतील नियम २१५ नुसार, वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा पाहण्यासाठी वापरलेल्या दर १,००० ग्रंथांमागे ५ ग्रंथांची घट ही अप्रामाणिकपणा अथवा निष्काळजीपणामुळे झालेली नसल्यास वाजवी मानता येते. १,००० रुपयांहून अधिक किमतीचे पुस्तक किंवा दुर्मीळ ग्रंथ गेला तर मात्र चौकशी अनिवार्य आहे. २०,००० पर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयाने दरवर्षी संपूर्ण पडताळणी करावी, २०,००० ते ५०,००० ग्रंथ असल्यास तीन वर्षांतून किमान एकदा, आणि त्याहून मोठ्या संग्रहात तीन वर्षांच्या आत नमुना पडताळणी करावी, असेही तोच नियम सांगतो. म्हणजे वर्षाला २०,००० वेळा पुस्तके हाताळली जात असतील, तर १०० पुस्तकांपर्यंतची घट हा वापराचा खर्च समजता येतो. या हिशेबातली मला सर्वांत पटणारी गोष्ट ही, की सवलत साठ्यावर नसून वापरावर मोजली आहे. जे ग्रंथालय पुस्तके फिरवते त्याला अधिक मुभा मिळते. जे कुलूप लावून बसते त्याला तिची गरजही पडत नाही आणि ती मिळतही नाही.

हे नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहेत. आम्ही त्यांचा हवाला देतो तेव्हा लेखापरीक्षक “हे तुम्हाला लागू होत नाही” म्हणून पुढे जातात, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केले असते. म्हणून राज्यातील अनुदानित महाविद्यालयांना नावानिशी लागू होणारा, विभागाच्या सहसंचालक कार्यालयांना व लेखापरीक्षकांना बंधनकारक असणारा आणि निवृत्तिप्रकरणांत दाखवता येईल असा स्पष्ट शासन निर्णय आम्हाला हवा आहे.

अशा निर्णयाआड निष्काळजी ग्रंथपाल लपतील, असा आक्षेप घेतला जाईल, याची मला कल्पना आहे. माझा अनुभव उलट आहे. आज अनेक ठिकाणी पडताळणी वर्षानुवर्षे होत नाही, कारण जो मोजतो त्याच्याच नावावर घट निघते. ज्याने मोजणी टाळली तो निवांत निवृत्त होतो आणि त्याच्यानंतर आलेला सापळ्यात अडकतो. वाजवी घटीची मर्यादा ठरली आणि तिचा लाभ मुदतीत पडताळणी करणाऱ्यालाच मिळेल अशी अट घातली, तर पडताळणी करणे हे ग्रंथपालाच्याच हिताचे होईल आणि शासनालाही राज्यातील ग्रंथसंग्रहाचे खरे चित्र कळेल.

एकट्या निर्णयाने मात्र भागणार नाही. उघड्या कपाटांना माणूस लागतो. रोज संध्याकाळी टेबलांवरची पुस्तके उचलून ज्याच्या त्याच्या जागी लावणे, आठवड्यातून एकदा प्रत्येक फळीवरचे वर्गांक क्रमाने आहेत का ते पाहणे, ही कामे ग्रंथालय परिचराची आहेत आणि ती थांबली की काही महिन्यांत संग्रह असून नसल्यासारखा होतो. आमच्याकडील परिचर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आले नाही. ‘कमवा आणि शिका’ योजनेतील विद्यार्थी मदत करतात, मनापासून करतात. परंतु परीक्षा जवळ आली, म्हणजे ग्रंथालयात सर्वाधिक गर्दी असते, नेमके तेव्हा त्यांना सुट्टी द्यावी लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ शिक्षकाच्या व्याख्येत महाविद्यालयीन ग्रंथपालाचा समावेश करतो, आमची पात्रताही नेट-सेट या पात्रता परीक्षांनी तपासली जाते, आणि ज्यासाठी ती तपासली त्या कामाऐवजी माझ्या दिवसाचा मोठा भाग खिडकीवर पुस्तके देण्यात, परत घेण्यात व किल्ल्या सांभाळण्यात जातो. उरलेला वेळ महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या माहितीचे तक्ते भरण्यात जातो. त्यांत वर्षभरात पुस्तकांवर किती खर्च झाला आणि रोज किती वाचक आले, हे विचारले जाते. कपाटे उघडी आहेत का, हे भरायचा रकाना मला अद्याप आढळलेला नाही.

हा सारा प्रश्न आता संगणकामुळे सुटला आहे, असेही काहींना वाटते. ग्रंथालये संगणकाने जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्रीय संस्थेच्या एन-लिस्ट योजनेमुळे तालुक्याच्या महाविद्यालयालाही थोड्या वर्गणीत हजारो नियतकालिके व ई-ग्रंथ मिळतात, ही मोलाची सोय आहे. संशोधन नियतकालिके एकत्रितपणे उपलब्ध करून देणाऱ्या ‘एक देश एक वर्गणी’ योजनेलाही केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. मात्र यांतील साहित्य प्रामुख्याने इंग्रजीत आहे आणि माझे बहुतांश विद्यार्थी मराठीतून वाचतात व मराठीतूनच उत्तरपत्रिका लिहितात. त्यांना लागणारे मराठी संदर्भग्रंथ, जुन्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांसाठी लिहिलेली उत्तम पुस्तके, बंद पडलेल्या प्रकाशनसंस्थांचे ग्रंथ हे कोणत्याही ई-संग्रहात मला मिळालेले नाहीत. ते आहेत आमच्या कपाटांत. त्यांतल्या काहींवर किंमत सहा किंवा आठ रुपये छापलेली आहे. असे पुस्तक हरवले तर दुप्पट किंमत वसूल करूनही ते बाजारात मिळणार नाही, म्हणून ग्रंथपाल ते द्यायलाच कचरतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आम्हीही साजरा केला; मात्र या पुस्तकांचे अंकीकरण (डिजिटायझेशन) करून ती सर्वांना खुली व्हावीत यासाठी स्वामित्वहक्काचा विचार करून काही योजना आखता आली, तर दुर्मीळ प्रत सुरक्षित ठेवून मजकूर वाचकाला देता येईल. हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यासाठी स्वतंत्र निवेदन द्यावे लागेल.

सध्याची विनंती मर्यादित आहे. वापराच्या प्रमाणात वाजवी घट मान्य करणारा शासन निर्णय काढावा. प्राचार्य, ग्रंथपाल, एक प्राध्यापक आणि सहसंचालक कार्यालयाचा एक प्रतिनिधी यांच्या समितीला ठरलेल्या मुदतीत निर्लेखनाचे अधिकार द्यावेत, म्हणजे प्रस्ताव टेबलावर पडून राहणार नाहीत. पद रिक्त असलेल्या काळातील घट नंतर रुजू होणाऱ्याच्या नावे टाकू नये. आणि जे महाविद्यालय मुक्तद्वार पद्धत स्वीकारेल, त्याचे परिचराचे पद प्राधान्याने भरण्यास मान्यता द्यावी.

संपूर्ण साठा मोजायचा तर देवघेव थांबवावी लागते आणि ते आम्हाला उन्हाळी सुट्टीतच शक्य होते. एप्रिलअखेरपर्यंत निर्णय झाला, तर येत्या मे महिन्यातील पडताळणी आम्ही नव्या नियमाप्रमाणे करू आणि जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांना निदान क्रमिक पुस्तके सोडून बाकीची कपाटे उघडी मिळतील.

आपली विश्वासू,
एक महाविद्यालयीन ग्रंथपाल