दिवेलागणीला घरी कोण असेल?

गडहिंग्लज,
नागपंचमी

चि. सौ. मेघास,
अनेक आशीर्वाद.

कोंबडीची पन्नास पिल्लं आत्ताच आणू नकोस. फोनवर तुझा उत्साह ऐकून मला फार बरं वाटलं. चिपळूणच्या घरामागची ती मोकळी जागा मी बघितली आहे, आणि सोहमने परसात हात मळवावेत असं मलाही वाटतं. पण श्रावणातला पाऊस, एका दिवसाची पिल्लं, तीही पन्नास, आणि तुम्ही दोघंही दिवसभर कामावर, हे जमायचं नाही. कोंबड्या पाळ, नक्की पाळ. फक्त आधी माझं ऐकून घे.

कोंबड्या दिवसभर आपल्याला धरून बसत नाहीत. सकाळी दार उघडलं, पाणी ठेवलं, की त्या आपल्या आपण उकरत फिरतात. खरी वेळ दिवेलागणीची. अंधारात त्यांना धड दिसत नाही, म्हणून ऊन उतरलं की स्वतःहून खुराड्यात शिरतात. तेव्हा त्या मोजायच्या आणि दाराला कडी घालायची. हे रोज, लग्नकार्य असो की बँकेत ऑडिट असो. तुमच्याकडे उदमांजर आणि रानमांजर दोन्ही आहेत. एक रात्र दार उघडं राहिलं तर ती खातात एखादीच, पण मारतात हाताला लागतील तेवढ्या. म्हणून पिल्लांची चौकशी करण्याआधी अमोलरावांबरोबर बसून ठरव की सहा-साडेसहाला घरी कोण असणार. तुम्हा दोघांना उशीर होणार असेल तर शेजारच्या वहिनींना विचारून ठेव, आणि त्यांना अंडी देत जा.

एका दिवसाची पिल्लं का नकोत, तेही सांगते. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी ती कमी करत आणायची. ही ऊब बल्बची. कोकणात पावसात वीज किती वेळा जाते ते तुला माहीत आहे. गारठ्याने पिल्लं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. सोहमला पहिल्याच आठवड्यात ते बघायला लावू नकोस. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचार, महिनाभर वाढवलेली, सुरुवातीच्या लसी झालेली पिल्लं कुठे मिळतील ते. त्या वयात त्यांना पंख फुटलेले असतात आणि ऊब फारशी लागत नाही. पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या आसपास अशी पंधरा आण. त्यांत निम्मे नर निघतील हे धरून चाल. शेवटी सात-आठ तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या कोवळ्या माद्या, राहतील, तेवढ्या घराला पुरे. फाल्गुन-चैत्रापर्यंत अंडी सुरू होतात.

जातीबद्दल विचारलंस. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठीच तयार केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया बऱ्याच मिळतात. वनराजा अंगाने भारी. वर्षाला शंभर-सव्वाशे अंडी देते, पण जडपणामुळे चपळ नसते आणि जास्त खाऊ घातलं तर चरबी धरून अंडी कमी करते. ग्रामप्रिया हलकी आणि अंड्यांना वनराजापेक्षा सरस. आपली गावठी अंडी कमी देते, पण घार दिसली की झुडपात शिरते, आणि मुख्य म्हणजे खुडूक होते, अंडी उबवायला बसते. सुधारित जाती सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे पुढची पिल्लं पुन्हा विकत आणावी लागतात. माझं म्हणणं, ग्रामप्रिया घे आणि सोबत दोन गावठी ठेव. पुढच्या वर्षी गावठी खुडूक बसली की तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेव, एकविसाव्या दिवशी पिल्लं. ऊब, राखण, दाणा टिपायला शिकवणं, सगळं तीच बघते. मात्र त्यासाठी कळपात एक कोंबडा हवा. नुसत्या अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. पहाटे चारला आरवणं शेजाऱ्यांना चालेल का, तेही विचारून ठेव.

कडकनाथ घेऊ नकोस. पक्षी चांगलाच आहे, मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्याच्या नावावर २०१९ मध्ये आपल्या सांगली-कोल्हापूर भागात कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. आणि त्याचं अंडं काळं असतं असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडून काहीच घेऊ नकोस. मांस काळं असतं, अंडं फिकट बदामीच.

आता खुराडं. यात पैसे वाचवू नकोस. कोंबडीमागे दोन चौरस फूट धर, म्हणजे पाच फूट बाय चार फूट चालेल. जमिनीपासून दोन फूट उंच, चिऱ्यांच्या चार खांबांवर. लांबी पूर्व-पश्चिम ठेव म्हणजे ऊन थेट आत येणार नाही. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, ती बाजू भिंतीला लागून घे किंवा झापाने बंद कर. वरच्या अंगाला हवा खेळायला जागा हवीच, नाहीतर विष्ठेचा वास कोंडून त्यांचे डोळे आणि छाती बिघडते. जाळी मात्र ती षटकोनी पातळ नको. ती कुत्र्याने दातांनी ओढली तर फाटते. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लाव. आत बसायला दांडी, आणि अंडी घालायला पेंढा घातलेल्या दोन जुन्या बुट्ट्या. दांडी बुट्ट्यांपेक्षा उंच बांध. कोंबडी सगळ्यांत उंच जागी झोपते, बुट्टी उंच असेल तर तिथेच झोपेल आणि अंडी घाणीत पडतील. खाली भाताचं तूस टाक, दर दोन-तीन दिवसांनी ते वरखाली कर. पावसाळ्यात तूस ओलं राहिलं की पिल्लांना रक्ती हगवण लागते. कोरडं ठेवणं हाच त्यावरचा अर्धा इलाज.

पिल्लं आणल्यावर चार-पाच दिवस त्यांना आतच ठेव. ती जागा आपली, हे त्यांना कळू दे, मग मोकळं सोड. मुंगूस दिवसाचं येतं, घार तर डोक्यावरच असते. म्हणून पहिले दोन महिने कोणी घरी असेल तेव्हाच सोड, नाहीतर जाळीच्या आवारात ठेव.

खाणं निम्मं त्या स्वतः शोधतात, किडे, गांडुळं, कोवळा पाला. उरलेलं, मोठ्या कोंबडीला साधारण पन्नास-साठ ग्रॅम, संध्याकाळी खुराड्यातच दे. त्या वेळेची ओढ लागली की त्यांना हाकावं लागत नाही. लहानपणी त्यांना पिल्लांचंच खाद्य दे. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम खूप असतं, त्याने पिल्लांची मूत्रपिंडं खराब होतात. अंडी सुरू झाली की शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेव. तुमच्याकडे शिंपल्यांना काय तोटा! ज्या कोंबडीला लागेल ती तेवढा खाईल. भात, भाजीची देठं चालतील. पण खारवलेलं काही नको, आणि बुरशी धरलेला मका किंवा शेंगदाणा तर अजिबात नको. बुरशीचं विष उकडून जात नाही.

लसीच्या बाबतीत मी तुझं काही ऐकणार नाही. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली तर औषध नाही. चार दिवसांत खुराडं रिकामं होतं. महिन्याची पिल्लं घेशील तेव्हा कोणत्या लसी कधी दिल्या ते लिहून घे. पुढे पिल्लं सहा-सात आठवड्यांची झाली की देवीची, आणि आठ आठवड्यांची झाली की राणीखेतची टोचून द्यायची लस उरते. नंतर ती कधी पुन्हा द्यायची ते डॉक्टरांना विचार. लस बर्फात घालूनच घरी ने. उन्हात राहिलेली लस म्हणजे नुसतं पाणी. बाजारातून नवी कोंबडी आणलीस तर दोन-तीन आठवडे वेगळी ठेव. आणि एकाएकी दोन-तीन मेल्या तर खड्डा करून गप्प बसू नकोस, दवाखान्यात कळव. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापूरला २००६ साली सापडला. लाखो पक्षी मारावे लागले. लपवल्याने रोग पुढच्या घरी जातो.

रोज सकाळी दार उघडताना दोन मिनिटं थांब. सगळ्यांच्या शेवटी कोण बाहेर येतं ते बघ. पिसं फुगवून, पंख टाकून उभी असेल तर ती आजारी. तिला लगेच वेगळी कर.

सोहमबद्दल एक सांगायचं राहिलं. तो सगळ्यांना नावं ठेवणार. ठेवू दे. पण चार महिन्यांनी जादा नर कापले जाणार, हे त्याला पहिल्याच दिवशी सांग. लपवून, तो शाळेत गेल्यावर काही करू नका. मुलांना खरं सांगितलेलं पचतं, फसवलेलं पचत नाही. त्याला अंडी गोळा करायचं काम दे, आणि नंतर साबणाने हात धुवायची सवय लाव.

मी दसऱ्याला येते. तोवर खुराडं बांधून ठेव, जाळी मी आल्यावर आपण दोघी ठोकू.

अमोलरावांना नमस्कार, सोहमला गोड पापा.

तुझी,
आई

ता. क. चुलीची राख आणि कोरडी माती एका जुन्या टायरमध्ये, पाऊस लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेव. कोंबड्या तिच्यात लोळतात, त्याने उवा-पिसवा कमी होतात. पावसाआधीच माती भरून ठेवायला हवी होती, पण वहिनींच्या पडवीत मिळेल.