होडीतले कोठार

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

तीन-तीन आठवडे किनारा दिसत नाही तेव्हा धान्य खाऱ्या हवेत टिकते तरी कसे, असे आईने मागच्या पत्रात विचारले होते. पुढच्या प्रवासाची भरणी कालच जवळजवळ संपली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या शिडाच्या होडीत धान्याचा पहिला वैरी म्हणजे ओल. बाहेरच्या गार पाण्यामुळे होडीची भिंत थंड राहते आणि आतल्या दमट हवेतील बाष्प कपाटाच्या मागच्या बाजूस थेंब होऊन साचते, त्यामुळे लाट आत न येताही पिशव्या भिजतात. त्यात मिठाची भर असते. हवेतील आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेते, त्यामुळे समुद्राच्या पाण्याने भिजलेली फळी वाळल्यासारखी दिसली तरी रात्री पुन्हा ओलसर लागते. म्हणून भरणीपूर्वी मी प्रत्येक कप्पा गोड्या पाण्याने पुसून दिवसभर उघडा ठेवते आणि डबे भिंतीला टेकू देत नाही.

पुठ्ठ्याचे एकही खोके आम्ही होडीवर येऊ देत नाही. त्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असू शकतात आणि बंद होडीत एकदा झुरळे झाली की ती हटता हटत नाहीत, त्यामुळे सगळे धान्य धक्क्यावरच खोक्यांतून काढतो. शिजवण्याच्या सूचना तेवढ्या कापून डब्यात ठेवतो.

किड्यांचे मात्र निराळे आहे. सोंडकिड्याची मादी तांदळाच्या दाण्यालाच भोक पाडून आत अंडे घालते आणि ते भोक बुजवते, त्यामुळे दाणे कितीही निवडले तरी काही दिसत नाही. पुढे उष्ण प्रदेशात तोच तांदूळ चालू लागतो. यावर आम्हांला भरवशाचा वाटलेला उपाय म्हणजे किनाऱ्यावर असतानाच धान्य उणे 18 अंशांवर चार दिवस गोठवणे. बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी मुळीच उघडायची नाही, कारण गार दाण्यांवर लगेच दव धरते. तमालपत्र घालण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण माझा त्यावर विश्वास उरलेला नाही.

त्यानंतर एकेक किलोच्या पिशव्या भरून त्यांत ऑक्सिजन शोषणारी पुडी टाकतो. तिच्यात लोखंडाची पूड असते आणि ती गंजताना पिशवीतला ऑक्सिजन संपवते. नवी पुडी बोटांना भुसभुशीत लागते आणि काम संपलेली कडक होते, म्हणून पिशवीत टाकण्यापूर्वी मी प्रत्येक पुडी चाचपून पाहते. साखरेत ही पुडी घालायची नाही, साखरेचा दगड होतो. आणि जे धान्य पुरते कोरडे नाही त्यात तर कधीच नाही, कारण ओल असून हवा नसली की प्राणघातक विष तयार करणारे जंतू वाढू शकतात.

गेल्या वर्षी पास्ता हवा काढून बंद केला होता. पिशवी दगडासारखी घट्ट झाली होती, पण आठ दिवसांनी हात लावला तर ती सैल लागली. उजेडासमोर धरली तेव्हा एका टोकाने पाडलेले सुईएवढे छिद्र दिसले. आतला पास्ता सादळून त्यावर करडी बुरशी आली होती. तेव्हापासून टोकदार जिन्नस आधी जाड कागदात गुंडाळतो. एकच पिशवी गेली, म्हणून तेव्हा निभावले; मोठ्या पोत्यात धान्य ठेवण्याचा हट्ट मी त्याच दिवशी सोडला.

कणीक आणि हातसडीचा तांदूळ तेलाच्या अंशामुळे खवट होतो, म्हणून ते तीन महिन्यांपुरतेच घेतो. पांढरा तांदूळ आणि डाळी भरपूर घेतो. रोजच्या वापराचा डबा चौकोनी आणि लहान, कारण झाकण जितक्या वेळा उघडते तितक्या वेळा दमट हवा आत जाते. जड पिशव्या होडीच्या मध्याजवळ, अगदी खाली आणि दोन्ही बाजूंना सारख्या वजनाने ठेवल्या आहेत. कोणत्या कप्प्यात काय व कधी भरले ते वहीत लिहिले आहे, आणि झाकण बदलले तरी घोळ होऊ नये म्हणून डब्याच्या अंगावरही तारीख घातली आहे.

डाव्या बाजूच्या कप्प्यात मसुरीच्या चार पिशव्या ठेवायच्या राहिल्या आहेत. तेवढ्या ठेवल्या की वारा पाहून निघू. बाबांनी वजनाचा हिशेब मागितला होता, तो वहीतून उतरवून पुढच्या पत्रात पाठवते.

तुमची लाडकी लेक