कारंज्याच्या वेशीआतले वाडे पाडायच्या आधी निदान मोजून तरी घ्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पुण्या-नाशिकच्या जुन्या वाड्यांवर नेहमी चांगलं येतं, मी ते वाचतो आणि कात्रणं पण काढून ठेवतो, पण दरवेळी मनात येतं की आमच्या वऱ्हाडातल्या गल्ल्यांवर कोणी काहून लिहीत नाही. म्हणून हे पत्र. मी कारंजा तालुक्यातल्या एका खेड्यातला शेतकरी आहे, बाजाराच्या निमित्ताने कारंज्यात म्हणजे कारंजा लाडमध्ये लहानपणापासून येणं-जाणं आहे. माझे आजोबा गवंडी होते, मातीकाम आणि चुन्याचं काम दोन्ही करायचे, त्यामुळे वेशीच्या आतल्या वाड्यांकडे पाहायची नजर त्यांच्याकडून आली. आता तिथले वाडे एकेक करून चालले आहेत, काही पडून राहिले, काही पाडून राहिले. माझं म्हणणं एवढंच आहे की जो वाडा वाचू शकतो तो माती-चुन्यानेच दुरुस्त व्हावा, आणि जो वाचूच शकत नाही तो पाडायच्या आधी मोजून, नकाशा काढून, फोटो काढून ठेवावा. आज यातलं काहीच होत नाही, सकाळी जेसीबी येतो आणि संध्याकाळपर्यंत प्लॉट रिकामा.

बाहेरच्या लोकांना कारंजा माहीत आहे ते गुरुमंदिरामुळे. श्री नृसिंह सरस्वतींचं हे जन्मगाव, देशभरातून दत्तभक्त येतात, दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि गाडीत बसून निघून जातात. ज्या गावात महाराज जन्मले ते गाव कसं होतं, हे बघायला मंदिराच्या बाहेर थोडं पायी फिरावं लागतं, ते कोणी सांगत नाही. कारंज्याला पूर्ण कोट होता आणि चार वेशी, दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. चार दिशांचे चार रस्ते आणि त्यांना जोडणाऱ्या आतल्या गल्ल्या, त्या गल्ल्यांवर सावकारांचे, व्यापाऱ्यांचे वाडे, मंदिरं, दुकानं. ही पेठ किती श्रीमंत होती याचा पुरावा इतिहासातच आहे. १६७० मध्ये सुरतेवरच्या दुसऱ्या स्वारीनंतर काही आठवड्यांतच मराठ्यांची फौज वऱ्हाडात उतरली आणि कारंजा लुटलं. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी लिहिलंय की उंची कापड, सोनं, चांदी असा एक कोटी रुपयांचा ऐवज ४,००० बैलांवर आणि गाढवांवर लादून नेला, आणि खंडणीसाठी गावातले सगळे धनिक पकडले, फक्त सगळ्यात मोठा सावकार तेवढा बाईच्या वेषात निसटला. बायकांना हात लावायचा नाही ही मराठ्यांच्या फौजेची शिस्त होती हे त्याला पक्कं ठाऊक असणार, म्हणून तर त्याने तो वेष घेतला. त्या गल्लीत उभं राहून मी कधी कधी विचार करतो, ४,००० लादलेली जनावरं एवढ्या बोळांतून बाहेर काढायला किती वेळ लागला असेल, वेशीत केवढी गर्दी झाली असेल.

वऱ्हाडातले जुने वाडे असे काहून बांधले हे समजायचं असेल तर हा लुटीचा इतिहास डोक्यात ठेवावा लागतो. नंतर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेंढाऱ्यांचा त्रास झाला तो वेगळाच. म्हणून मग रस्त्याच्या बाजूला खालच्या मजल्यावर खिडकी जवळजवळ नसतेच, असलं तर उंचावर एखादं गवाक्ष. मोठा दरवाजा जाड सागवानी फळ्यांचा, त्यावर लोखंडी पट्ट्या आणि खिळे, आणि त्याच दरवाजात एक छोटी दिंडी, म्हणजे आत येणाऱ्याला मान वाकवून एकट्यानेच यावं लागतं. आत ढेलज, म्हणजे दरवाजामागची पहिली खोली, ढेलजेतून थेट चौक दिसत नाही, रस्ता वळून जातो. भिंतीच्या पोटात बळद, जमिनीखाली पेव, ज्यात ज्वारी वर्षभर राहायची आणि बाहेरून आलेल्याला पत्ता लागायचा नाही. मग चौक, चौकाच्या चारी बाजूंनी ओसरी, आत माजघर, मागे सांदवाडी आणि विहीर. उजेड आणि हवा सगळी चौकातून. रस्त्याकडून वाडा एकदम बंद आणि गप्प वाटतो, आणि आत गेलं की मोकळा.

आता बांधकाम. खाली काळ्या दगडाचं जोतं, चांगलं कमरेएवढं उंच. त्यावर पांढऱ्या मातीची भिंत, दोन-दोन तीन-तीन फूट जाड. त्या मातीत कुटार म्हणजे भुसा आणि शेण टाकून पाण्यात भिजवायची, काही दिवस तशीच मुरू द्यायची, पायाने तुडवून गारा करायचा, मग एक थर टाकायचा आणि तो वाळल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही. घाई केली की भिंत बसते. वरचं सगळं वजन मात्र लाकडी खांबांवर आणि मयालीवर, म्हणजे आडव्या तुळईवर असतं, एखाद्या ठिकाणी माती खचली तरी सांगाडा उभा राहतो. वाड्याचं माप पण खणात, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात, किती खणांचा वाडा असं विचारायचे. वर धाबं म्हणजे मातीचं सपाट छत असेल तर कड्या म्हणजे आडवी लाकडं, त्यावर फळ्या किंवा काड्या, त्यावर मातीचा जाड थर, आणि दरवर्षी पावसाळ्याच्या आधी खारी माती पसरायची, कारण त्या मातीवर गवत उगवत नाही आणि ती पाणी धरून आत सोडत नाही. खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या जमिनीचा भाग, इथून काही फार लांब नाही, तीच जमीन जिला आपण शेतीसाठी शिव्या देतो ती धाब्यासाठी सोन्याची होती. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा अशा वाड्याच्या माजघरात बसून बघा, दुपारी पंखा लागत नाही. जाड मातीची भिंत दिवसाची उष्णता आत पोचवायलाच रात्र करते आणि रात्री चौकातून गरम हवा वर निघून जाते. नवीन स्लॅबच्या घरात आम्ही दोन कूलर लावून तळमळत असतो.

कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट कारंज्यातल्या लहान पोरालाही माहीत आहे. उंटांवर कस्तुरी लादून व्यापारी गावोगाव फिरत होते, एवढी घ्यायला कोणी तयार नव्हतं, कारंज्याच्या संघई सावकाराने सगळीच्या सगळी एकदम विकत घेतली आणि चालू असलेल्या बांधकामाच्या गाऱ्यात कालवून टाकली, अशी ती आख्यायिका. मला यातली एक गोष्ट फार आवडते, की या गावाने आपल्या सावकाराची श्रीमंती सांगताना सोन्याचे कळस वगैरे सांगितले नाहीत, भिंतीत काय कालवलं ते सांगितलं. जिथे बांधकामाची माणसं आणि त्यांची कला मानाची होती तिथेच अशी गोष्ट तयार होते, असं माझं मत आहे. चुना हा पण तसाच कालवायचा प्रकार. भाजलेला चुना भिजवून मुरवायचा, वाळूबरोबर बैल ओढतात त्या चुन्याच्या घाण्यात तासन्‌तास मळायचा, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी. आजोबा बोटावर घेऊन चिकटपणा बघायचे आणि मगच काम सुरू करायचे.

या गल्ल्यांमध्ये फक्त पैसा होता असं पण नाही. दिगंबर जैनांच्या तीन भट्टारक गाद्या, म्हणजे धर्मगुरूंची पीठं, या एका गावात होत्या, सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ, तिघांची मंदिरं आजही आहेत. काष्ठासंघाच्या मंदिरातलं लाकडी कोरीवकाम ज्याने पाहिलं नसेल त्याने मुद्दाम जाऊन पाहावं, सागवानात एवढं बारीक काम वऱ्हाडात दुसरीकडे मी तरी पाहिलं नाही. आणि या मंदिरांच्या भांडारांत शेकडो वर्षांच्या हस्तलिखित पोथ्या होत्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले संस्कृतचे प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी त्या अभ्यासल्या आणि १९३० च्या दशकात कारंजा जैन ग्रंथमालेत त्यातले अपभ्रंश नावाच्या जुन्या भाषेतले ग्रंथ छापून निघाले, म्हणजे जे साहित्य जगाला जवळजवळ माहीतच नव्हतं ते इथल्या कपाटातून बाहेर आलं. पोथ्या वाचल्या कारण कोणीतरी आधी त्यांची यादी केली. वाड्यांची यादी अजून झाली नाही.

मग इंग्रज आले, १८५३ पासून वऱ्हाड त्यांच्या ताब्यात, कापसाचा धंदा वाढला, मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज रेल्वे आली, आपली शकुंतला, ती पण कारंज्यावरूनच. तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चालत होतं. तिच्यावर पुष्कळांनी लिहिलंय, मी सांगत नाही.

आता जे बिघडून राहिलं त्याबद्दल. पहिली गोष्ट सिमेंट. भिंतीला पोपडे आले, कोपरा ढासळला की लोक गवंडी बोलावतात आणि तो येऊन सिमेंटचं प्लास्टर मारून देतो, दिसायला दोन वर्षं छान दिसतं. पण मातीची भिंत जमिनीतला ओलावा ओढते आणि बाहेर सोडते, सिमेंटने तो बाहेर पडायचा रस्ता बंद होतो, ओल आतच राहते, माती मऊ होते, खांबाचं बूड सडतं, आणि मग एखाद्या झडीच्या पावसात प्लास्टरसकट भिंत बाहेर येते. मग सगळे म्हणतात, मातीची भिंत होती, पडणारच होती. आजोबा ज्याच्या त्याच्या दारात सांगायचे, “भितीले शिमिट नोको लावू बाप्पा, आतून सडते थे.” कोणी ऐकलं नाही.

दुसरी गोष्ट रस्त्याची लेव्हल, आणि याच्याकडे कोणाचंच लक्ष नाही. फक्त कारंजा नाही, जुन्या वस्तीच्या कोणत्याही गावात जाऊन बघा, जुना रस्ता न खोदता त्याच्यावरच नवीन काँक्रीट टाकलेलं दिसतं, दर काही वर्षांनी अर्धा फूट वर. जे जोतं कमरेएवढं होतं ते आता गुडघ्याच्या पण खाली आलं, कुठे कुठे ओसरी रस्त्यापेक्षा खोल गेली. पावसाचं पाणी सरळ आत शिरतं. जोतं उंच ठेवलं होतं तेच मातीची भिंत पाण्यापासून वाचावी म्हणून, तेच गाडून टाकलं तर वाडा कसा टिकेल. ठेकेदाराला वीस सेंटीमीटर खोदून मग काँक्रीट टाक एवढं सांगितलं तरी कितीतरी घरं वाचतात, याला वेगळा निधी पण लागत नाही फारसा.

तिसरं लाकूड. वाडा पडायला आला की मालकाच्या आधी लाकूडवाल्याला कळतं. जुना सागवान, शंभर-दीडशे वर्षं मुरलेला, त्याला मोठ्या शहरात भाव आहे, कोरीव खांब, महिरपी, दरवाजे ट्रकमध्ये भरून जातात आणि कुठल्यातरी हॉटेलात नाहीतर फार्महाऊसवर लागतात. मी यात मालकांना दोष देत नाही, हे मुद्दाम लिहितो. एका वाड्याला दहा-बारा हिस्सेदार, निम्मे पुण्यात नाहीतर नागपुरात, सही एकाची नाही, दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, आणि मातीकाम जाणणारा कारागीर शोधून सापडत नाही. आत राहणारी बहुतेक म्हातारी माणसं, दर पावसाळ्यात जीव मुठीत धरून राहतात. त्यांना वारसा जपा म्हणून भाषण देणं सोपं आहे, धाब्यावर माती टाकायला दोन माणसं पाठवणं जास्त उपयोगाचं आहे.

काही होऊ शकत नाही असं म्हणणाऱ्यांनी चंद्रपूरकडे बघावं. तिथल्या गोंडकालीन किल्ल्याचा परकोट ११ किलोमीटर लांब, झाडाझुडपांत आणि कचऱ्यात बुडाला होता, २०१७ मध्ये इको-प्रो संस्थेच्या पोरांनी रोज सकाळी जाऊन साफ करायला घेतला आणि शेकडो दिवस नेमाने केलं. मग लोक बघायला येऊ लागले. आपल्याकडे तर समृद्धी महामार्ग अगदी जवळून गेला आहे, नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, कारंज्याला उतरायची सोय आहे, गुरुमंदिराला येणाऱ्या माणसाला तासभर वेशीच्या आत पायी फिरवणारी चार पोरं जरी तयार झाली तरी वाड्याच्या मालकाला वाटेल की आपल्या घराला काही किंमत आहे.

कायद्यात पण जागा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ नुसार शहराच्या विकास आराखड्यात वारसा इमारती आणि वारसा परिसर जपायची तरतूद करता येते. पण आराखड्यात घालायला आधी यादी पाहिजे, आणि यादी करायला सरकारची वाट बघायची काय गरज आहे. विदर्भात आर्किटेक्चर आणि सिव्हिलची किती कॉलेजं आहेत, दरवर्षी पोरांना प्रोजेक्ट पाहिजेच असतो, एका बॅचने एक गल्ली घेतली, प्रत्येक घराचं माप, चौकाचा नकाशा, खांबाचं कोरीवकाम, दाराचा फोटो, तर दोन-तीन वर्षांत सगळं जुनं कारंजा कागदावर येतं. नंतर अचलपूर, बाळापूर, मेहकर, सगळीकडे हेच करता येईल.

साहेब, तुमच्याकडून माझी मागणी मोठी नाही. पुरवणीत एक पान वऱ्हाडातल्या जुन्या गल्ल्यांसाठी ठेवा, दर महिन्याला एक गाव. आणि ज्या वाचकांकडे वेशीआतल्या घरांचे जुने फोटो आहेत, लग्नाचे, मुंजीचे, मागे दार नाहीतर ओसरी दिसत असेल असे, त्यांना त्याची कॉपी तुमच्याकडे पाठवायचं आवाहन करा, कारण बऱ्याच पडलेल्या वाड्यांचा आता तेवढाच पुरावा असणार आहे. तसंच चुन्याची घाणी चालवलेले, धाबं घातलेले, गारा तुडवलेले जुने कारागीर कोणाच्या गावात अजून असतील तर त्यांची माहिती पण मागवा, ही माणसं सत्तरी-ऐंशीच्या पुढची आहेत आणि त्यांना विचारायचं ते या उन्हाळ्यातच विचारायला पाहिजे, पावसाळ्यात परत काही भिंती जातील.

आपला,
एक नियमित वाचक
ता. कारंजा (लाड), जि. वाशीम