जळितांसाठी सोलापुरात त्वचापेशींचा अभ्यास व्हावा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी आमच्या शेजारचा रंगाई कारखान्यातला एक कामगार बॉयलरच्या वाफेने भाजला. त्याच्याच मांडीची कातडी काढून जखमांवर लावली, म्हणून तो सावरला. परंतु ज्याचे जवळजवळ सगळे अंग भाजले आहे, त्याची कातडी घ्यायची कुठून?

या प्रश्नाला अमेरिकेत जेम्स राइनवॉल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी १९७५ साली वाट काढली. कातडीचा लहानसा तुकडा बारीक कापायचा, ट्रिप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या विकराने (एन्झाइमने) त्यातील पेशी सुट्या करायच्या आणि उंदराच्या, वाढ थांबवलेल्या पेशींच्या थरावर त्या वाढवायच्या, अशी त्यांची पद्धत होती. पुढे बोस्टनमध्ये ९५ टक्क्यांहून अधिक भाजलेल्या दोन लहान भावांच्या काखेतील दोन-दोन चौरस सेंटीमीटर कातडीपासून वाढवलेल्या पापुद्र्यांनी प्रत्येकाचे सुमारे निम्मे अंग झाकले गेले आणि दोघेही वाचले. हे घडते ते कातडीतील मूळपेशींमुळे, म्हणजे सतत नव्या पेशी देत राहणाऱ्या ‘स्टेम सेल’मुळे. सुट्या केलेल्या पेशींच्या गर्दीत त्या नुसत्या पाहून ओळखू येत नाहीत. एकेक पेशी वेगळी वाढवून कोणती पुन्हा पुन्हा नवी वसाहत उभी करते, हे चिकाटीने तपासावे लागते. अशा पापुद्र्यात घामाच्या ग्रंथी नसतात, केस नसतात, तो नाजूकही असतो. म्हणूनच केसाच्या मुळाजवळील मूळपेशींवर अजून पुष्कळ काम व्हायचे आहे.

शस्त्रक्रियेत काढून टाकलेली निरोगी कातडी एरवी रुग्णालयातील जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. रुग्णाची लेखी संमती आणि नैतिकता समितीची परवानगी घेऊन ती अभ्यासाला मिळाली, तर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, विद्यापीठ आणि शहरातील प्राणिशास्त्र विभाग मिळून पेशी वेगळ्या करण्याचे व वाढवण्याचे शिक्षण सुरू करू शकतील. उपचार ही पुढची, कडक नियमांची पायरी आहे. रक्ताचे काही विकार सोडले, तर मूळपेशींचे उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करू नयेत, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. ‘स्टेम सेल’च्या नावाने तारुण्य विकणाऱ्या जाहिरातींना भुलणाऱ्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे.

मी तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले, पण माझ्या एकाही विद्यार्थ्याला जिवंत मानवी पेशी वाढताना दाखवू शकलो नाही. ती सोय आता या शहरात व्हावी, यासाठी वैद्यकीय महाविद्यालय आणि विद्यापीठ या दोन्ही संस्थांनी एकत्र बसून निदान एक प्रस्ताव तयार करावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर