गीतरत्नातली ओढ लग्नात का वाचली जात नाही?

मा. संपादक,
स. न.

लग्नसराई सुरू झाली की आमच्याकडच्या ख्रिस्ती लग्नांमध्ये उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातलं सोळावं वचन हमखास ऐकायला मिळतं, तुझा ओढा नवऱ्याकडे राहील आणि तो तुझ्यावर सत्ता चालवील, आणि मग त्यावर उपदेश सुरू होतो की बाईनं नमतं घ्यावं, देवानंच तसं ठरवून दिलंय. समोर नवरी खाली मान घालून बसलेली असते. पाळकांचा, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचा, हेतू वाईट असतो असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, त्यांनाही हेच शिकवलं गेलंय. पण ज्या एका शब्दावर हे सगळं उभं केलं जातं तो शब्द इतका दुर्मिळ आहे की त्याच्यावर एवढा भार टाकण्याआधी जरा थांबायला हवं, म्हणून हे पत्र.

त्या वचनातल्या 'ओढा'साठीचा मूळ हिब्रू शब्द म्हणजे तेशुका. बायबलच्या आख्ख्या जुन्या करारात फक्त 3 वेळा येतो. पहिल्यांदा पहिली स्त्री हव्वा हिला उद्देशून, वर सांगितलेल्या वचनात. दुसऱ्यांदा लगेच पुढच्या अध्यायात, 4:7 ला, हव्वेचा मुलगा काइन आपल्या भावावर, हाबेलवर, जळत असतो तेव्हा देव त्याला सावध करतो की पाप दाराशी टपून बसलंय, त्याची तेशुका तुझ्याकडे आहे, पण तू त्याच्यावर ताबा मिळव. आणि तिसऱ्यांदा थेट गीतरत्न या बायबलमधल्या प्रेमगीतांच्या पुस्तकात, 7:10 ला, जिथे ती तरुणी म्हणते की मी माझ्या प्रियकराची आहे आणि त्याची तेशुका माझ्याकडे आहे.

हे तिसरं वचन नीट वाचा. आदाम-हव्वेच्या एदेन बागेत ओढ बाईची होती, पुरुषाकडे, आणि तिच्या पाठोपाठ सत्ता आली. इथे ओढ पुरुषाची आहे, बाईकडे, आणि सत्तेचा शब्दसुद्धा नाही. आणि हे सगळं कुठे घडतंय तर पुन्हा बागेतच, द्राक्षमळे, डाळिंबं, अंजिरं, सगळीकडे बहर. एदेनमध्ये जे मोडलं ते इथे सांधलं जातंय असं अनेक अभ्यासकांनी म्हटलंय आणि मला ते मनापासून पटतं. मग लग्नाच्या दिवशी पहिलं वचन वाचायचं आणि तिसरं सोडायचं, हे का?

भाषांतरांचा प्रवास पण बघण्यासारखा आहे. ख्रिस्तपूर्व काळातल्या ग्रीक भाषांतरात, ज्याला सेप्टुआजिंट म्हणतात, या शब्दासाठी 'वळणं' या अर्थाचे शब्द वापरलेत, म्हणजे तुझं वळणं नवऱ्याकडे असेल. जेरोम या जुन्या ख्रिस्ती विद्वानानं लॅटिनमध्ये उत्पत्ति 3:16 ला ओढ वगैरे काढूनच टाकली आणि सरळ लिहिलं की तू नवऱ्याच्या अधिकाराखाली राहशील, पण गीतरत्नात त्याच शब्दाला त्यानं 'वळणं' असंच ठेवलं. 1975 साली अमेरिकेत सुझन फोह या अभ्यासक बाईंनी काइनच्या वचनाचा आधार घेऊन मांडलं की ही ओढ म्हणजे बाईची नवऱ्यावर ताबा मिळवायची इच्छा, आणि 2016 ला तिथल्या ईएसव्ही या इंग्रजी बायबलमध्ये बाईची इच्छा 'नवऱ्याच्या विरुद्ध' असेल असं छापलं गेलं, 2025 मध्ये तो बदल परत मागे घेतला. म्हणजे एवढी मोठी मंडळी एका शब्दावरून इकडची तिकडे होतात आणि आपण मात्र मांडवात ठामपणे सांगतो की अर्थ हाच.

आता सत्तेबद्दल. उत्पत्तीच्या त्या तिसऱ्या अध्यायात 'शापित' हा शब्द सापाला आणि भूमीला लावलाय, बाईला नाही आणि पुरुषालाही नाही. पुढेच, 18 व्या वचनात लिहिलंय की जमीन काटेकुसळं उगवील. मग शेतकरी खुरपं घेऊन तण काढतो तेव्हा तो देवाची आज्ञा मोडतोय असं कोणी म्हणतं का? नाही ना. मग नवऱ्याची सत्ता तेवढी आज्ञा कशी झाली? पापामुळे जग कसं बिघडलं त्याचं ते वर्णन आहे, बिघडलेलं तसंच जपून ठेवा असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

ज्यू लोकांच्या बेरेशीत राब्बा या जुन्या ग्रंथात या शब्दावर एक फार सुंदर गोष्ट आहे. तिथे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, म्हणतात की तेशुका 4 आहेत, बायकोची नवऱ्याकडे, वाईट वासनेची काइन आणि त्याच्यासारख्यांकडे, पावसाची जमिनीकडे, आणि देवाची इस्राएलकडे. पावसाची ओढ त्यांनी 65 व्या स्तोत्रातून काढली, आणि देवाची ओढ गीतरत्नातल्या त्याच वचनातून, कारण त्यांच्या लेखी तो प्रियकर म्हणजे देव. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नाही. जी ओढ आपण बायकांची कमजोरी म्हणून शिकवतो तीच देवाला माणसांबद्दल वाटते असं हे लोक दीड हजार वर्षांपूर्वी लिहून गेलेत, आणि पाऊस जमिनीकडे येतो तो काही तिची गुलामी करायला येत नाही किंवा तिला दाबायलाही नाही, तो येतो म्हणून ती पिकते.

आपल्या महाराष्ट्रात तर हे अवघड वाटायला नको. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून आख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, साध्या बायकांना वाचता यावं म्हणून, आयुष्याची शेवटची वर्षं त्यात घातली, 1922 ला त्या गेल्या आणि नंतर ते पूर्ण छापून आलं. एक बाई एकटी मूळ भाषेपर्यंत गेली, मग आपल्या महिला मंडळांना निदान ही 3 वचनं शेजारी शेजारी ठेवून वाचायला काय हरकत आहे?

पाळक मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे की या सीझनला लग्नात उत्पत्तीतलं वचन घ्यायचंच असेल तर जरूर घ्या, पण त्याच उपदेशात गीतरत्न 7:10 पण वाचा, आणि ते नवरदेवाकडे बघून वाचा.

आपली,
एक वाचक, अहिल्यानगर